‘टक्’ होतं, पण सेल फिरत नाही: जुन्या पेट्रोल एफसीचं वायरिंग कसं तपासायचं

किल्ली फिरवली की सॉलेनॉइडमधून (सेलला, म्हणजे स्टार्टर मोटरला, बॅटरीचा मोठा प्रवाह जोडणाऱ्या विजेच्या स्विचमधून) एकच ‘टक्’ आवाज येतो आणि पुढे काही नाही. अशा वेळी जुन्या गाडीवर होणाऱ्या खर्चाचा क्रम बहुतेक गॅरेजांत ठरलेला असतो. आधी नवी बॅटरी, मग सेल खोलून त्याचे ब्रश-बुश, मग नवा सॉलेनॉइड. हे सगळं झाल्यावर कोणीतरी अर्थ केबलचा (बॅटरीचं मायनस चॅसीला जोडणाऱ्या केबलचा) चॅसीवरचा बोल्ट सोडवतो. थिंबलखाली (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) रंग आणि गंज दिसतो, तो घासून बोल्ट परत आवळतो आणि गाडी पहिल्या सेलला उठते.

इथे डोळ्यांसमोर आहे महिंद्राचा पेट्रोल एफसी-१५० ट्रक. विलिसने १९५६च्या अखेरीस अमेरिकेत आणलेली ही बिननाकाची गाडी पुढे महिंद्राने परवान्यावर भारतात बनवली. इंजिन सीजे-३बी जीपमधलंच: हरिकेन एफ-१३४, चार सिलिंडर, २१९९ सीसी, इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. त्यामुळे पेट्रोल जीपवाल्यांनी हे सगळं आपल्यासाठीच आहे असं समजायला हरकत नाही. डॉज, फार्गो किंवा बेडफर्डच्या पेट्रोल ट्रकला मापं वेगळी लागतील, पण तपासायची रीत हीच.

आधी जीव सांभाळायचं बोलू. या गाड्यांना ‘गिअरमध्ये असताना सेल लागू नये’ अशी कुठलीही सोय नाही. खाली वाकून सॉलेनॉइडला वायर टेकवलीत आणि गाडी गिअरमध्ये असली, तर ती तुमच्या अंगावरून जाईल. न्यूट्रल, हँडब्रेक आणि चाकाला दगड, तिन्ही हवं. एफसीचा हँडब्रेक एकटा विश्वास ठेवण्यासारखा क्वचितच असतो. हातातलं घड्याळ, कडं, अंगठी काढून ठेवा. बॅटरी सोडवताना आधी अर्थची केबल काढायची आणि लावताना ती शेवटी लावायची. प्लसचा नट सोडवताना पान्हा बॉडीला लागला, तर अर्थ सुटलेली असली म्हणजे ठिणगी उडत नाही.

वायर तुटलेली नसते, अर्धी झालेली असते

जुन्या गाडीत पूर्ण तुटलेली वायर सापडली तर नशीब समजा, ती पाच मिनिटांत कळते. खरा त्रास अर्ध्या वायरीचा. थिंबलच्या तोंडाशी वीसपैकी तीन तारा शिल्लक असतात, किंवा केबलच्या आत हिरवी बुरशी चढलेली असते, किंवा स्विचचा कॉन्टॅक्ट काळा पडलेला असतो. अशा वायरीतून छोटा दिवा छान लागतो आणि मीटर १२ व्होल्ट दाखवतो. सेलने ओढ घेतली की मात्र सगळं बसतं.

सेल इंजिन फिरवताना साधारण १५० ते २०० अँपिअर ओढतो. वाटेत एखाद्या जोडावर फक्त ०.००५ ओहम अडथळा असला, तरी २०० अँपिअरला तिथे पूर्ण एक व्होल्ट जातो आणि २०० वॉट उष्णता निघते. हा ०.००५ ओहम साध्या मल्टिमीटरवर दिसतच नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२–०.३ ओहमच्या असतात. म्हणून ‘कंटिन्युइटी बघितली, बीप वाजला, केबल ओके’ या वाक्याला सेलच्या केबलपुरती काही किंमत नाही. केबल तपासायची ती चालू प्रवाहात, तिच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट हरवतात ते बघून.

लागणारं सामान थोडं आहे. एक डिजिटल मल्टिमीटर. १२ व्होल्ट ५ वॉटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प, आणि जवळ २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट. एलईडीचा टेस्टर नको. तो मिलिअँपिअरवर लागतो, म्हणजे कुजलेल्या वायरीलाही पास करतो. ५ वॉटचा बल्ब ०.४ अँपिअर आणि २१ वॉटचा पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे वायरीची लायकी लगेच कळते. याशिवाय फीलर गेज, वायर ब्रश, शंभर-दीडशे नंबरचा पॉलिश पेपर आणि दोन्ही टोकांना क्लिप लावलेली मीटर-दीड मीटर वायर.

सेल फिरतच नसेल तर

पहिली तपासणी फुकट आहे. हेडलाइट लावा आणि सेल मारा. दिवे जसेच्या तसे राहिले आणि सेल गप्प, तर मोठा प्रवाह सुरूच झालेला नाही; दोष किल्लीच्या बारीक वायरीत, सॉलेनॉइडमध्ये किंवा सेलच्या ब्रशमध्ये. दिवे अगदी मंद झाले, तर प्रवाह जोरात ओढला जातोय पण काम होत नाही; बॅटरी उतरलेली आहे, नाहीतर सेल किंवा इंजिन जाम आहे. दिवे पूर्ण विझले आणि किल्ली सोडल्यावर सावकाश परत आले, तर बॅटरीचं टर्मिनल ढिलं किंवा पांढरं पडलेलं आहे. ते बोटाने फिरतं का बघा. फिरतंच बहुतेक.

बॅटरी रात्रभर स्वस्थ ठेवून मोजली तर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.०च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा आणि मगच पुढचं काही तपासा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) घाला. बॅटरीच्या सहा कप्प्यांच्या आकड्यांत ०.०५०पेक्षा जास्त फरक निघाला, तर एक कप्पा मेला आहे. व्होल्ट कितीही बरे दिसोत. सेल मारताना बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. खाली गेलं तर एक तर बॅटरी दमलेली आहे, किंवा सेल गरजेपेक्षा जास्त ओढतोय.

आता केबल. कॉइलची (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या इग्निशन कॉइलची) किल्लीकडून येणारी वायर काढून ठेवा, म्हणजे गाडी चालू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर टेकवा. क्लॅम्पवर टेकवू नका, थेट शिशावर. काळं टोक सेलच्या मोठ्या टर्मिनलवर. सेल बंद असताना इथे १२ व्होल्ट दिसतील. घाबरू नका, सॉलेनॉइड उघडा आहे म्हणून ते दिसतात. दुसऱ्याला सेल मारायला सांगा आणि तेवढ्या वेळातला आकडा वाचा. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. दीड-दोन व्होल्ट दिसले, तर वाट तुकड्यातुकड्याने मोजा: खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते सॉलेनॉइडचा पहिला स्टड, पहिला स्टड ते दुसरा, दुसरा स्टड ते सेल. प्रत्येक जोडाला ०.१ आणि सॉलेनॉइडच्या आतल्या कॉन्टॅक्टला ०.३ इतकी सूट द्या. जास्त जिथे निघेल, दोष तिथेच. बाकी काही खोलायचं नाही.

मग अर्थची बाजू, जी सगळ्यात शेवटी बघितली जाते आणि खरं तर आधी बघायला हवी. काळं टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, लाल टोक सेलच्या बॉडीवर, रंग खरवडून. सेल मारताना ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. एक व्होल्ट दिसला, तर बॅटरी ते चॅसी आणि चॅसी ते इंजिन असे दोन तुकडे वेगळे मोजा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते चॅसीपासून सुटं आहे. त्यांना जोडते ती तांब्याची विणलेली अर्थ पट्टी. इंजिन उतरवून बसवताना ही पट्टी विसरली जाते, कारण ती नसली तरी गाडी कशीबशी चालते. प्रवाह दुसरी वाट शोधतो: चोकची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल. सेल मारताना चोकची केबल गरम लागली किंवा तिच्यातून धूर निघाला, तर दुसरं काहीही तपासायची गरज नाही. अर्थ पट्टी गायब आहे.

केबल नवी घालायची असेल तर १२ व्होल्टला ३५ चौरस मिलिमीटर तांब्याची, बारीक तारांची. वेल्डिंगची केबल उत्तम. दिसायला तेवढीच जाड पण आत अ‍ॅल्युमिनियम किंवा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, असाही माल मिळतो. टोक चाकूने खरवडून बघा. थिंबल हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घ्या. हातोडीने चेपलेलं थिंबल सहा महिने टिकतं आणि सातव्या महिन्यात नेमकं घाटात जातं. मूळ ६ व्होल्टच्या गाडीत प्रवाह दुप्पट, म्हणून केबल ७० चौरस मिलिमीटरची लागते. १२ व्होल्टवर नेलेल्या गाडीत ही जुनी जाड केबल धडधाकट असेल तर बदलण्याचं कारण नाही.

सगळी मापं ठीक आली, सेलच्या टर्मिनलवर सेल मारताना १० व्होल्टच्या वर पोहोचले आणि तरी तो फिरत नाही, तरच सेल खाली उतरवायचा. बहुधा ब्रश संपलेले किंवा होल्डरमध्ये अडकलेले निघतात. ब्रिटनच्या लुकास कंपनीच्या पद्धतीच्या सेलला मागच्या टोकाला टोपीखाली चौकोनी शाफ्ट असतो. बेंडिक्स (सेलच्या शाफ्टवर पुढे सरकून इंजिनला फिरवणारा छोटा गिअर) इंजिनच्या रिंग गिअरमध्ये अडकला असेल तर तिथे पान्हा लावून फिरवला की सुटतो. तो नसेल तर इंजिन बंद ठेवून टॉप गिअर टाका आणि गाडी मागेपुढे हलवा.

सेल ‘घूंऽऽ’ करून नुसताच फिरतो, इंजिन फिरत नाही? बेंडिक्स शाफ्टवर चिकटला आहे. रॉकेलने धुवा, पुसा आणि कोरडा बसवा. तेल-ग्रीस लावायचा मोह इथे आवरायचा. क्लचची धूळ त्यावर बसून लगदा होतो आणि बेंडिक्स पुन्हा चिकटतो.

किल्ली ते सॉलेनॉइड

सगळ्यात जुन्या जीपमध्ये पायाने दाबायचा स्विच असायचा. तो थेट मोठा कॉन्टॅक्टच बंद करतो, त्यामुळे तिथे ही बारीक वायर नाही. कॉन्टॅक्ट जळला की पॉलिश पेपर मारायचा, संपलं. किल्लीने किंवा बटणाने सेल लागणाऱ्या गाडीत सॉलेनॉइडच्या छोट्या टर्मिनलवर किल्लीची वायर येते. ती काढून तिच्या टोकाला २१ वॉटचा बल्ब लावा, बल्बचं दुसरं टोक थेट बॅटरीच्या मायनसला. किल्ली ‘स्टार्ट’ला फिरवल्यावर बल्ब झगझगीत लागला तर वायर आणि स्विच चांगले. पिवळट लागला तर वाटेत अर्धी वायर आहे.

बल्ब चांगला लागतो, पण सॉलेनॉइडचा आवाज नाही? सॉलेनॉइडच्या कॉइलचा अर्थ कुठून येतो ते बघा. काही सॉलेनॉइड पायातल्या बोल्टमधूनच अर्थ घेतात. पत्र्याला नवा रंग मारून त्यावर सॉलेनॉइड बसवला की तो मुका होतो. रिस्टोअर केलेल्या गाड्यांत हा दोष हटकून आढळतो. गाडी जितकी सुंदर रंगवलेली, तितके तिचे अर्थ वाईट. पावडर कोटिंग केलेल्या चॅसीचं तर विचारूच नका.

दोन छोटी टर्मिनल असलेला सॉलेनॉइडही मिळतो. त्यातलं एक किल्लीचं आणि दुसरं इग्निशन कॉइलला सेल मारताना थेट बॅटरीचे व्होल्ट देणारं. यांची अदलाबदल झाली तर किल्ली फिरवूनही सेल लागत नाही, कारण किल्लीची वायर जिथे जोडली आहे तिथे सॉलेनॉइडची कॉइलच नाही. दुसरं टर्मिनल तुमच्या गाडीला लागत नसेल तर ते रिकामं सोडा, टेप गुंडाळून. त्याला अर्थ लावू नका. तसं केलंत तर सेल मारल्याबरोबर बॅटरी थेट शॉर्ट होईल.

किल्ली सोडल्यावरही सेल चालूच राहिला, तर सॉलेनॉइडचे कॉन्टॅक्ट वेल्ड झाले आहेत. तेव्हा किल्लीचा उपयोग नसतो, बॅटरीच सोडवावी लागते. अर्थ केबलवर हाताने फिरवायचा कट-ऑफ स्विच असला तर हे दोन सेकंदांचं काम. नसला तर पान्हा शोधेपर्यंत सेल जळतो. कॉन्टॅक्ट वेल्ड होण्याचं मूळ बहुतेकदा अशक्त बॅटरीत असतं. कमी व्होल्टला सॉलेनॉइड नीट धरत नाही, फडफडतो आणि फडफडताना ठिणगीने चिकटतो.

अँपिअर मीटर: डॅशबोर्डवरचा बिनपगारी मेकॅनिक

सेलची मोठी केबल सोडली तर जुन्या गाडीतला जवळजवळ सगळा प्रवाह डॅशवरच्या अँपिअर मीटरमधून जातो. तो चालू असेल तर इग्निशनचा अर्धा तपास बसल्या जागी होतो. दिवे बंद ठेवून किल्ली ‘ऑन’ करा. पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट) मिटलेले असतील तर काटा डिस्चार्जकडे तीन-चार अँपिअर सरकेल, उघडे असतील तर शून्यावर राहील. आता कोणाला तरी हँडलने इंजिन फिरवायला सांगा. हँडलची सोय नसेल तर टॉप गिअरमध्ये गाडी इंच-इंच पुढे ढकला. काटा शून्य आणि चार यांच्यात उड्या मारतोय, म्हणजे किल्ली, वायर, कॉइलचं प्रायमरी (बॅटरीच्या बाजूचं वेटोळं) आणि पॉइंट सगळं कामात आहे. दोष पुढे, हाय-टेन्शनच्या (ठिणगीच्या) बाजूला किंवा पेट्रोलमध्ये. काटा शून्यावरून हलतच नाही, तर कुठेतरी वाट तुटली आहे किंवा पॉइंट मिटत नाहीत. काटा चारवर खिळला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा डेल्कोच्या (पॉइंट ज्यात असतात त्या डिस्ट्रिब्युटरच्या) आत शॉर्ट आहे.

त्याच मीटरच्या मागचा नट ढिला झाला की अख्खी गाडी एकदम मरते: दिवे, हॉर्न, इग्निशन, सगळं. खड्ड्यात गेली आणि पुढच्या खड्ड्यात परत जिवंत झाली, तर आधी तिथे हात घाला. बॅटरी सोडवून.

कॉइल ते पॉइंट

सेल जोरात फिरतो, गाडी उठत नाही, तेव्हा टेस्ट लॅम्प काढायचा. लॅम्पची क्लिप इंजिनच्या कोऱ्या धातूला. किल्ली ऑन. पहिलं टेकवणं कॉइलच्या किल्लीकडच्या टर्मिनलवर: लॅम्प लागायलाच हवा. नाही लागला तर किल्लीचा स्विच किंवा पांढरी वायर. लुकासच्या रंगपद्धतीत बॅटरीची मुख्य वायर तपकिरी, किल्ली ते कॉइल पांढरी, कॉइल ते डेल्को पांढरी-काळी, सॉलेनॉइडची पांढरी-लाल आणि अर्थ काळी. पन्नास वर्षांत चार वायरमन होऊन गेलेल्या गाडीत रंगांवर विसंबू नका. एकदा लाल वायरच अर्थला जोडलेली निघाली की पुढचं सगळं हाताने मागोवा घेत बघावं लागतं.

दुसरं टेकवणं कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलवर, इंजिन सावकाश फिरवत. इथे लॅम्प लुकलुकायला हवा: पॉइंट उघडले की लागतो, मिटले की विझतो. सतत लागलेला राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा त्यांच्यावर मेणचट थर आहे, किंवा डेल्कोतल्या प्लेटची अर्थ देणारी छोटी लवचिक वायर तुटली आहे. ती वायर व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ बदलणारी सोय) असलेल्या डेल्कोत सतत हलते आणि इन्सुलेशनच्या आत तुटते, वरून धडधाकट दिसते. लॅम्प कधीच लागत नसेल तर डेल्कोकडे जाणारी वायर कॉइलवरून काढा. आता लागला, म्हणजे डेल्कोच्या आत शॉर्ट: कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारा) शॉर्ट झालाय, किंवा पॉइंटच्या स्प्रिंगखालचा इन्सुलेटिंग वॉशर उलटसुलट लागलाय. तरीही नाही लागला, म्हणजे कॉइलचं प्रायमरी तुटलंय.

नवे पॉइंट घातल्यावर गाडी मरते, त्यातल्या निम्म्या वेळा तो वॉशर दोषी असतो. उरलेल्या निम्म्यात फीलर गेज. गेजच्या पात्यांना गंज लागू नये म्हणून तेल असतं. तेच पातं पॉइंटमध्ये घालून माप घेतलं की तेलाचा थर कॉन्टॅक्टवर बसतो आणि करंट अडतो. माप झाल्यावर पांढऱ्या कागदाची कोरी पट्टी पॉइंटमध्ये मिटवून ओढून काढा. काळी निघाली तर दुसरी घ्या, पांढरी निघेपर्यंत.

गॅप किती, हे डेल्को कुठला त्यावर ठरतं. मूळ ऑटो-लाइट जातीचा असेल तर ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. लुकासचा २५डी४ जातीचा बसवलेला असेल तर ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ‘जीपला वीस’ हे तोंडपाठ करून लुकासला वीस लावलं, तर पॉइंट मिटलेले राहण्याचा काळ कमी होतो, कॉइल पुरती भरत नाही आणि चढावर जास्त रेसला गाडी मिसिंग मारते. माप घेताना पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या उंच टोकावर हवी. टाचेला मोहरीएवढं ग्रीस लावा. जास्त लावलं तर ते उडून पॉइंटवर येतं. प्लगचा गॅप ०.०३० इंच.

कॉइलचं प्रायमरी मीटरवर मोजा आणि मीटरच्या वायरींचा आकडा वजा करा. तीन ओहमच्या आसपास आलं तर ती सरळ १२ व्होल्टवर चालणारी कॉइल. दीड ओहम आलं तर ती बॅलास्ट रेझिस्टरसोबतच (प्रवाह आवरणाऱ्या अडथळ्यासोबतच) वापरायची, नाहीतर आठ अँपिअर ओढून पॉइंट काही दिवसांत निळे-काळे करते. दुकानात दोन्ही सारख्याच डब्यांत दिसतात. बॅलास्ट असलेल्या गाडीत एक ओळखण्यासारखी खोड आहे. सेल मारताना गाडी भुरकन पकडते आणि किल्ली सोडली की त्याच क्षणी मरते. कारण सेल मारताना कॉइलला बॅलास्ट टाळून थेट व्होल्ट मिळतात आणि बॅलास्ट स्वतः तुटलेला असतो. याच्या उलट, सेल मारताना काहीच नाही आणि किल्ली सोडता सोडता इंजिन एकदा खोकतं, तर किल्लीचा स्विच ‘स्टार्ट’मध्ये इग्निशनचा कॉन्टॅक्ट सोडतोय. स्वस्त स्विचमध्ये हे सर्रास होतं. कॉइलच्या किल्लीकडच्या टर्मिनलवर लॅम्प धरून सेल मारला की लगेच दिसतं.

टायमिंगला (ठिणगी पडायच्या वेळेला) हात गॅप लावून झाल्यावरच, कारण गॅप वाढला की टायमिंग पुढे सरकतं आणि कमी झाला की मागे. हरिकेनचं टायमिंग टॉप डेड सेंटरच्या (पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या जागेच्या) आधी ५ अंश, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, आणि रोटर (डेल्कोत फिरून प्लगना क्रमाने ठिणगी वाटणारा) वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरतो. एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा धरून इंजिन फिरवा. हवा अंगठा उडवते तो कॉम्प्रेशनचा फेरा. पुलीची खूण ५ अंशांवर आणा. किल्ली ऑन, लॅम्प कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलवर. डेल्कोचा क्लॅम्प ढिला करून बॉडी आधी घड्याळाच्या उलट फिरवा, लॅम्प विझेल. मग अगदी हळू घड्याळाच्या दिशेने, आणि लॅम्प लागतो त्या क्षणी थांबून क्लॅम्प आवळा. रोटर आता एक नंबरच्या वायरीखाली आहे का बघा. नसेल तर ऑइल पंप काढून परत बसवलेला असण्याची दाट शक्यता आहे. या इंजिनात डेल्को ऑइल पंपाच्या शाफ्टवरून फिरतो, आणि पंप बसवताना एक दात चुकला की अख्खा क्रम सरकतो.

टायमिंग जास्त पुढे गेलं तर हँडल उलट मारतं. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही. मनगटं याच नियमावर टिकतात.

कॅप, वायर आणि पावसाळा

कॉइलची मधली जाड वायर डेल्कोच्या कॅपमधून (झाकणातून) काढून टोक ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरा, इन्सुलेटेड पक्कडीने. सेल मारल्यावर निळी, टचटच वाजणारी ठिणगी हवी. पिवळी, बारीक, आवाज नसलेली आली तर आधी कंडेन्सर बदला, मग कॉइल. एफसीत इंजिन केबिनच्या आत, दोन सीटच्या मधल्या झाकणाखाली आहे. कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होत असेल तर पेट्रोलची वाफ तिथेच कोंडलेली असते. आधी दोन्ही दरवाजे उघडा, वास गेला की मगच ठिणगी.

कॉइलवर ठिणगी चांगली आणि प्लगवर नाही, तर रोटर किंवा कॅप. कॅपच्या आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती करंटची गळती आहे. खरवडून दोन दिवस निघतील, कॅप बदलणं हाच इलाज. मधला कार्बनचा ब्रश स्प्रिंगवर आत-बाहेर होतो का बघा. कोकणात पावसाळ्यात सकाळी गाडी उठत नाही, तेव्हा कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसली तरी बहुतेकदा काम होतं. कॅपच्या आत दव धरलेलं असतं. महिना-दोन महिने उभ्या गाडीत मात्र आधी उंदरांनी काय कुरतडलंय ते शोधा.

गरम झाल्यावर बंद पडणारी आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होणारी गाडी ही वेगळी डोकेदुखी. कॉइल गरम होऊन आतून तुटते आणि गार झाली की जुळते. पेट्रोलच्या लाइनमध्ये वाफ धरली तरी लक्षण हुबेहूब तेच. त्यामुळे बंद पडल्या जागीच, पहिल्या दोन मिनिटांत ठिणगी तपासायची. ठिणगी असेल तर कॉइलला दोष देऊ नका. गार झाल्यावर केलेल्या तपासणीला काही अर्थ नाही.

वायरिंग पुन्हा करणारच असाल तर

या काळच्या गाड्यांत बॅटरीकडून किल्लीकडे जाणारी मुख्य वायर आणि कॉइलची वायर, दोन्हींना बहुधा फ्यूज नसतो. पांढरी वायर कुठे घासून बॉडीला लागली तर फ्यूज उडत नाही, अख्खा लूम (वायरींचा जुडगा) पेटतो. मुख्य वायरीला बॅटरीजवळच ३० अँपिअरचा फ्यूज घाला. सेलची मोठी केबल या फ्यूजमधून जाणार नाही, तिला फ्यूज नसतोच. मुख्य वायर ४ चौरस मिलिमीटर, कॉइलची दीड, सॉलेनॉइडची अडीच. नव्या धर्तीचा गिअर पुढे ढकलणारा सेल बसवला असेल तर त्याचा सॉलेनॉइड ओढ घेताना क्षणभर ३०-४० अँपिअर खातो. जुन्या किल्लीच्या स्विचला ते झेपत नाही. मध्ये साधा ४० अँपिअरचा रिले टाका. त्याच्या पायांवरच्या नंबरांप्रमाणे: ८६वर किल्लीची वायर, ८५ अर्थला, ३० बॅटरीला फ्यूजमधून, ८७ सॉलेनॉइडला.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का? रोज वापरायची गाडी असेल तर जरूर. महिन्यातून एकदा बाहेर निघणारी असेल तर पॉइंटच ठेवा. माळशेज घाटात इलेक्ट्रॉनिक युनिट गेलं तर टो करावं लागतं, पॉइंट गेले तर कागदाची पट्टी आणि स्क्रूड्रायव्हर पुरतो. एक पॉइंट सेट, एक कंडेन्सर आणि एक रोटर सीटखालच्या डब्यात कायम ठेवा. कंडेन्सर नवा कोरा ठेवू नका. आधी गाडीत बसवून पन्नास-शंभर किलोमीटर चालवून बघितलेला ठेवा, कारण हल्लीचे नवे कंडेन्सर डब्यातूनच खराब निघतात.